सोनं काढून उरलेला गाळ

मंडळाच्या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "हुसेनचाचा, वाळवंटातल्या आठवणी लिहा. उंट, वाळूची वादळं, खजूर, तंबू." मी म्हटलं, उंटावर मी एकदाही बसलो नाही आणि तंबूत फक्त चहा प्यायलो. कुवैतमधली माझी वर्षं चिखलात गेली. चिखलाबद्दल चालत असेल तर लिहितो. ते म्हणाले, लिहा. म्हणून लिहितोय. ऱ्हस्वदीर्घ त्यांनी बघावं, मजकुराला हात लावू नये.

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. होडीवाल्याशी माझं भांडण झालं. तो म्हणाला माफी माग, मी मागितली नाही. शाळा सुटली. माझा स्वभाव तेव्हापासून असा आहे आणि आता बदलेल असं वाटत नाही.

माझा मामू म्हैसूरच्या बाजूला सोन्याच्या खाणीवर बॉयलर सांभाळायचा. त्याने मला तिकडे नेलं आणि सायनाइडच्या खात्यात चिकटवलं. लोकांना वाटतं खाणीतून सोनं निघतं. खाणीतून निघतो दगड. तो दळून त्याचं पीठ करायचं आणि पिठावर सायनाइडचं पाणी सोडायचं. मीठ पाण्यात विरावं तसं सोनं त्या पाण्यात विरतं. मग ते पाणी जस्ताच्या किसावरून नेलं की सोनं किसाला काळं होऊन चिकटतं. मालकाचं काम तिथं संपतं. मागे उरतो गाळ. त्यात सोनं नाही, विष मात्र आहे. सोनं निघालं की मालकाला गाळ दिसेनासा होतो. माझं काम तिथून सुरू व्हायचं.

सायनाइडला कडू बदामाचा वास येतो म्हणतात. काहींना येतो, काहींना जन्मात येत नाही. मी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे मी नाकावर कधी विसंबलो नाही आणि म्हणूनच आज हे लिहायला शिल्लक आहे. ज्यांना वास यायचा ते बेफिकीर असत, वास येईल तेव्हा पळू म्हणायचे.

आता कुवैतमध्ये सोन्याची खाण नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तेलाचा पैसा यायला लागला तसा तिथला सोनारबाजार फुगला होता. इराणी, इराकी, आपले गुजराती, सगळे कारागीर तिथं बसायचे. जिथं सोनार बसतो तिथं कानस चालते, आणि कानस चालली की सोनं धूळ होऊन जमिनीवर पडतं. आपल्याकडे ही धूळ धुवून पोट भरणारे झारेकरी असतात. कुवैतमध्ये आमच्या अरबाबने तेच काम मोठ्या प्रमाणावर, सायनाइड वापरून काढलं. अरबाब म्हणजे मालक. हा पूर्वी मोत्यांचा व्यापारी, तरुणपणी मुंबईला मोती विकायला येऊन राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचा. मोत्यांचा धंदा बसला तसा तो धुळीकडे वळला. जहरा नावाच्या गावाबाहेर त्याने कुंपण घालून वाडी केली, हौद बांधले, आणि खाणीवर काम केलेला माणूस हवा म्हणून मुंबईत निरोप धाडला. पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्याकडचे अर्धे लोक आगबोटीच्या खलाशांना ओळखत. निरोप माझ्यापर्यंत आला.

जहरा म्हणजे तेव्हा विहिरी, खजुरीची झाडं, गुरांसाठी हिरवा चारा आणि मातीची घरं. पाणी मचूळ, पण होतं. बाकी कुवैत टँकरच्या पाण्यावर जगत होतं.

आमच्याकडे काय काय यायचं. फुटक्या मुशी, जळकी चटई, केरसुण्या, हात धुतलेल्या पाण्याचा साका. एक म्हातारा इराणी सोनार दुकान बंद करताना पायाखालच्या लाकडी फळ्या उखडून घेऊन आला. "चाळीस वर्षं यावर बसलो," म्हणाला, "जाळा, पण माझ्यासमोर जाळा." आम्ही जाळल्या. राखेत सोनं निघालं आणि तो रडला. सोनं निघालं म्हणून की फळ्या गेल्या म्हणून, मी विचारलं नाही. दुसरा एक आपली बनियन घेऊन आला होता. घामाला सोनं चिकटतं म्हणे. ती मी परत केली. तिच्यात घाम सोडून काही नव्हतं.

वाडीवर तिघांचं राज्य. मी हौदांवर. मुकादम कादर, श्रीवर्धनकडचा, माणसं आणि माल बघणारा. आणि दामलेसाहेब, सांगलीचे केमिस्ट. या माणसाबद्दल नीट लिहिलं पाहिजे, कारण मागे एकाने हीच गोष्ट सांगताना मला हुशार आणि साहेबांना बावळट करून टाकलं. ते खोटं आहे. गाळाबद्दल मला जे येतं त्यातलं अर्धं खाणीवरच्या मेस्त्रीचं आणि अर्धं दामलेसाहेबांचं. त्यांना माझ्यापेक्षा दसपट ठाऊक होतं. फक्त अरबाब समोर आला की त्यांचा आवाज जायचा. घरी आजारी वडील, दोन बहिणी लग्नाच्या. मी समजू शकतो. तेव्हा मात्र समजून घेत नव्हतो.

गाळाचं विष मारायची रीत त्यांनीच बसवून दिली. गाळ हौदात घेऊन पाण्याने पातळ करायचा. आधी चुना घालायचा, मग ब्लीचिंग पावडर, थोडी थोडी, लांब दांड्याच्या वल्ह्याने ढवळत, वारा पाठीला घेऊन. पावडर विषाला खाते. पण चुना कमी पडला तर विष मरायच्या ऐवजी दुसराच एक वायू उठतो. तो डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणून चुना पुरला की नाही हे आधी बघायचं. त्यासाठी साहेबांकडे रंग बदलणारे कागद होते. ते संपले आणि बोटीने यायला उशीर झाला, तेव्हा मी जेवणातली हळद घेतली, जुन्या धोतराच्या चिंध्या तिच्यात बुडवून वाळवल्या. चुन्याच्या पाण्यात हळद लाल होते, हे आपल्या घरातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. साहेब हसले. "हुसेनभाई, नुसती लाल नको. विटकरीच्या पलीकडे गेली पाहिजे," म्हणाले, आणि कुठला रंग पुरे ते मला चिंधी धरून दाखवलं. शेवटी हौदातलं नितळ पाणी बाटलीत घेऊन त्यात हिराकस आणि तेजाबाचे थेंब टाकायचे. निळं झालं तर विष शिल्लक आहे. निळं झालं नाही तर हौद मोकळा.

हे सगळं नव्या गाळाचं झालं. मी येण्यापूर्वीचा गाळ वाडीमागच्या मोठ्या खड्ड्यात तसाच पडून होता. मी आल्या दिवसापासून म्हणत होतो, हा आधी उरका. अरबाब म्हणायचा, "होगा, होगा." वर्षं गेली. खड्ड्यात पाणी साठलेलं असायचं आणि वाळवंटात साठलेलं पाणी म्हणजे काय हे माणसांपेक्षा पाखरांना जास्त कळतं. थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून पाखरांचे थवे यायचे, दमलेले, तहानलेले. ती खड्ड्यावर उतरत आणि काठावरच पडत. आम्ही जुनी जाळी टाकून बघितली. वाऱ्याने उडाली. ती पाखरं मी गोळा करून पुरायचो. त्याबद्दल मला आजही कोणी काही विचारलेलं आवडत नाही.

मग एका वर्षी अरबाबने वाडी बंद करायचं ठरवलं. जमिनीला भाव आला होता. येणारं गिऱ्हाईक सपाट जमीन मागत होतं. अरबाब गाडीतून उतरला, खड्ड्याकडे बघून मला म्हणाला, "हुसेन, रेती डालो. बात खत्म."

मी म्हटलं, "अरबाब, रेती डालने से बात शुरू होगी."

खड्डा उंचावर, आणि खाली उताराला अबू नासरचं शेत. कांदे, मुळे, चारा, आणि दगडी काठाची विहीर. थंडीत जहऱ्याला पाऊस आला की धो धो येतो आणि सगळं पाणी उताराने धावतं. रेतीखालचं विष कुठे जाणार हे सांगायला केमिस्ट लागत नाही. पण केमिस्ट तिथे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

अरबाब गेल्यावर कादर माझ्यावर घसरला. "हुसेन, तू काय अरबाबचा बाप हायस? रेती टाक म्हनला तर टाकायची. जमीन त्याची, खड्डा त्याचा."

"आणि विहीर?"

"विहीर तुझ्या आजानं खणली काय?"

"नाय खणली. पण तिचं पाणी मी चहात प्यायलोय."

"मग आता रत्नांग्रीचं पी. तुझा पासपोर्ट त्याच्या कपाटात हाय, ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवला. रेतीच्या लॉरीसमोर जाऊन खाटलं टाकलं आणि बसलो. ड्रायव्हर बलुची, भला माणूस. म्हणाला, "चाचा, हटो." मी तेव्हा चाचा म्हणण्याच्या वयाचा नव्हतो, तरी बरं वाटलं. पण हटलो नाही. तो लॉरीखाली सावलीत झोपला.

पण बसून किती दिवस निभणार. ज्याची विहीर त्याला कळलंच पाहिजे, असं मी ठरवलं. काठावरची मेलेली दोन पाखरं रुमालात बांधली आणि अबू नासरच्या घरी गेलो. दारात त्याची बायको बसून तसलीच पाखरं सोलत होती. शेतात पडलेली सापडली, देवाने दिली, असं समजून. परक्या बाईच्या हातातलं ओढून घेता येत नाही. मी तिच्या पुढ्यातली पाखरांची टोपली पायाने उडवली. अबू नासर काठी घेऊन धावून आला. त्याचा काही दोष नाही. माझ्या घरी कोणी असं केलं असतं तर मीही हेच केलं असतं. एक काठी खांद्यावर बसली. मी रुमाल सोडून पाखरं त्याच्या पुढ्यात टाकली आणि माझ्या बाजारू अरबीत सांगितलं, "ही वरच्या खड्ड्याचं पाणी प्यायली. ही खाऊ नकोस. पाऊस आला की हेच पाणी तुझ्या विहिरीत. आजपासून विहिरीचं पिऊ नकोस."

तो काठी धरूनच म्हणाला, "तू त्याचा माणूस. तू का सांगतोस?"

"मी त्याचा चाकर आहे. माणूस माझा मी आहे," असं मी म्हणालो. अरबीत ते नीट आलं की नाही देव जाणे. त्याने काठी मात्र खाली ठेवली.

अबू नासरने विहीर बंद केली. रहाट काढून ठेवला. बकऱ्या मेव्हण्याकडे धाडल्या. चारा पिवळा पडायला लागला. मग तो, मेव्हणा आणि जहऱ्याची तीन-चार वयस्क माणसं अरबाबच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. कॉफी मात्र त्यांनी घेतली नाही, एवढं कळलं. अरबाच्या घरी जाऊन कॉफी न घेणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्याला सांगायला नको. जोवर त्याचं काम होत नाही तोवर पाहुणा पेला उचलत नाही, आणि पेला भरलेला राहिला तर नाक यजमानाचं जातं.

दुसऱ्या दिवशी अरबाब वाडीवर आला. "गाळ साफ कर, जैसा तू बोलता है," म्हणाला. "पण हे काम संपलं की तू बोटीत. तुझं तोंड मला परत दिसायला नको."

"मंजूर," मी म्हटलं.

दामलेसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, मंजूर काय म्हणता? पाया पडा त्यांच्या. घरी काय सांगाल?"

"सांगेन काम संपलं."

"तुम्हाला सोपं आहे."

"साहेब," मी म्हटलं, "सोपं असतं तर तुम्हीच नसतं का केलं?" हे वाक्य मी थोडं जास्त तिखट बोललो. पण परत घेतलेलं नाही.

आता चुना हवा होता, पुष्कळ. तो आणायचं काम कादरचं. त्याने गोणी उतरवल्या. पांढरीशुभ्र पूड. मी पहिल्या हौदात ओतली, ढवळली, चिंधी बुडवली. पिवळी. आणखी ओतली. पिवळीच. मी चिमूट जिभेवर ठेवली. आमच्या खाडीवर शिंपले भाजून चुना करत, लहानपणापासून त्याचा चटका जिभेला माहीत. ही पूड गार, मुकी. कादरने गिलाव्याची पूड आणली होती, जहऱ्याच्या जुन्या घरांच्या भिंतींना लावतात ती. दिसायला चुना, गुणाने माती. तिथं ती ढिगाने आणि स्वस्त मिळायची.

"हा चुना नाय, कादर."

"पांढरं हाय, पाण्यात कालवतंय, भिताडाला लागतंय. आनी काय पायजे?"

"हळद पिवळी ऱ्हायली."

"तुझी हळद घाल आमटीत." आणि माणसं बघत होती म्हणून असेल, पण त्याने ब्लीचिंग पावडरची अख्खी गोणी उचलून हौदात पालथी केली. मी ओरडलो तोवर झालं होतं. गाळ जुना, त्यातला पहिला चुना केव्हाच मेलेला. हौदातून बारीक फसफस आली आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दिसायला काहीच नाही, धूर नाही, काही नाही. माणसं वाऱ्याच्या उलट्या अंगाला पळाली, ते मी शिकवलेलं होतं. कादर पळाला तो वाऱ्याबरोबर, वायू त्याच्या मागून. कुंपणापाशी गुडघ्यावर आला. मी ओला पंचा तोंडाला बांधून त्याला बगलेत धरून ओढला. अंगाने माझ्या दीडपट होता मेला. तिकडून दामलेसाहेब धावत आले आणि त्याचे पाय उचलले. तिघेही उघड्यावर येऊन पडलो.

कादर रात्रीपर्यंत खोकत होता. सकाळी उठून स्वतः लॉरीत बसला आणि बसऱ्याकडून आलेला भाजका चुना शोधून घेऊन आला. गोणी उतरवताना चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चावतोय." माफी वगैरे काही नाही. मीही अपेक्षा केली नव्हती. आम्ही एकाच खाडीपट्टीतले.

मग आम्ही तो खड्डा उपसला. हौद भरायचा, चुना, चिंधी, पावडर, ढवळायचं, ठेवायचं, साहेबांनी बाटलीत थेंब टाकून बघायचं, मग रिकामा करायचा. हाताची कातडी चुन्याने फाटली. आकाशात ढग दिसले की सगळे वर बघायचे. साहेब आता अरबाब येण्याची वेळ बघून तंबूत जाईनासे झाले. काठावर उभे असायचे, बाटली उजेडात धरून. तळाचा शेवटचा गाळ काढला, खड्ड्याची मातीही खरवडून हौदात घातली. पाऊस आला तेव्हा खड्ड्यात चुन्याच्या पांढऱ्या पाण्याशिवाय काही नव्हतं.

तरी सगळं झालं असं मी म्हणणार नाही. अगदी पहिल्या वर्षी काही लॉऱ्या गाळ बाहेर गेला होता, मी येण्याआधी. कुठे गेला हे कादरला माहीत होतं आणि तो सांगायचा नाही. मरेपर्यंत त्याने सांगितलं नाही. त्यावर आता घरं असतील. हे मला टोचतं.

बोटीचा दिवस ठरला. पासपोर्ट कादरने आणून दिला. निघायच्या आधी साहेब आणि मी अबू नासरच्या विहिरीवर गेलो. साहेबांनी पाणी काढून त्यात थेंब टाकले. निळं झालं नाही. साहेब त्याला म्हणाले, "विहीर चांगली आहे. वापरा."

अबू नासरने बाटलीकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चारा जळाला होता, बकऱ्या अजून मेव्हण्याकडे होत्या. बायको दारात उभी होती. "बाटलीत काय झालं ते मला कळत नाही," तो म्हणाला. "तू म्हणालास पिऊ नको, मी प्यायलो नाही. आता तू पी."

त्याने रहाट परत बसवला होता. बादली वर आली. लोक मला आजही म्हणतात, हुसेन, दुसऱ्याच्या विहिरीपायी कुवैतची नोकरी घालवलीस, तुझ्याबरोबरचे बंगले बांधून बसले. बसू देत. मला परत तिथे उभं केलं तर मी परत खाटलं टाकून बसेन, आणि आता तर कोणी उचलूनही हलवू शकणार नाही, गुडघे तसेही सरळ होत नाहीत.

मी ओंजळ धरली आणि प्यायलो. पाणी मचूळ, नेहमीसारखं. अबू नासर माझ्या गळ्याकडे बघत होता. मी आणखी मागितलं. तो ओतायला वाकला, तेवढ्यात दामलेसाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मला खांद्याने बाजूला सारलं आणि आपली ओंजळ पुढे केली.